कोपीला दार हवं

दिवाळी सरली की बीड, पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात उतरतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. फडाच्या जवळ, पाण्याची सोय बघून कोप्या पडतात. चार बांबू, वर ताडपत्री किंवा पाचट, पुढे जुन्या लुगड्याचा पडदा. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. हंगामाचे चार-पाच महिने या मुलखात सगळ्यात उघड्यावर कुणी असेल तर ते या कोपीतलं मूल. बिबट्यापासून बचाव कसा करायचा, यावर सध्या पुष्कळ बोललं जातं. त्या बोलण्यात हे मूल कुठेच दिसत नाही, म्हणून आजचा स्तंभ त्याच्यासाठी.

आधी बिबट्याबद्दल. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली (येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे) आणि जिथे बाजरी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. आत दाट सावली, शेजारी पाणी, माणसाची फारशी ये-जा नाही. वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून, विष्ठा तपासून अभ्यास केला. शेतीच्या त्या मुलखात 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, 87 टक्के वाटा माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या जनावरांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचाच 39 टक्के. तेव्हा हा बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नाही. त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. रात्री तो आपल्या अंगणावरून जातो, जमलं तर कुत्रं उचलतो आणि उजाडायच्या आत उसात शिरतो. माणसाला तो होता होईल तो टाळतो, नाहीतर इतकी वर्षं इतक्या जवळ राहून रोजच माणसं मेली असती.

पण माणसं मेली आहेत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी जाळली. शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. त्याच दिवसांत गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांची छायाचित्रं आपण पाहिली. बिबट्या मागून येऊन मान पकडतो, म्हणून तो पट्टा. स्वतःच्या रानात खुरपायला जाताना ज्या बाईला मानेला खिळे बांधावे लागतात, तिला शहरातल्या कुणी सहजीवनाचे धडे देऊ नयेत. माणसं मारू लागलेला बिबट्या ओळखून पकडला पाहिजे आणि पकडता येत नसेल तर मारला पाहिजे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती दिसेल त्या बिबट्याला पिंजरा लावण्याबद्दल. हा प्रयोग याच जुन्नरने एकदा भोगलाय. 2001 पासून वनविभागाने वस्तीजवळ पकडलेले बिबटे उचलून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात केली. त्याआधीच्या आठ वर्षांत माणसांवर हल्ले व्हायचे ते वर्षाला सरासरी चार. नंतर ते सतरावर गेले आणि जखमींमध्ये दगावणाऱ्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. हे आकडे मांडणारा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी रानात टाकलेलं, पिंजऱ्यात दातपंजे दुखावलेलं, बिथरलेलं जनावर भलत्याच गावांतून हिंडतं. तिकडे त्याने सोडलेल्या उसात दुसरा बिबट्या येऊन बसतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ तर सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला होता. वाटेत त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही, हे त्या जनावराचं श्रेय. पण ‘नेऊन सोडला’ म्हणजे काय होतं, ते त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरने सगळ्यांना दाखवलं.

मग वाचायचं कसं? जाणती माणसं जे सांगतात ते अगदी साधं आहे. उभ्या माणसावर बिबट्या सहसा येत नाही. खुरपायला बसलेला, ऊस तोडायला वाकलेला, शौचाला बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. मूल तर उभं असलं तरी तेवढंच. म्हणून अंधार पडल्यावर आणि उजाडण्याआधी बसायचं काम करू नये, केलंच तर एकाने उभं राहून भोवताली नजर ठेवावी. उसाच्या कडेने जाताना बोलत जावं, मोबाइलवर गाणी लावावीत, काठीला घुंगरू बांधावं. आपण येतोय हे त्याला कळलं की तो बाजूला होतो. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. हात वर करून, मोठ्याने ओरडत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचं, आणि मूल सोबत असेल तर आधी कडेवर घ्यायचं. गोठ्याला चारही बाजूंनी जाळी हवी आणि वर छप्परही हवं, कारण कुडावरून उडी मारणं त्याला अवघड नाही. विहिरीत किंवा घरात बिबट्या अडकला तर गर्दी करायची नाही. कोंडीत सापडलेला बिबट्या बाहेर पडायला माणसांवरूनच वाट काढतो आणि तेव्हा जखमी होतात ते बघायला आलेले.

हे सगळं खरं आहे. आता हेच कोपीत राहणाऱ्या बाईला सांगून बघा. अंधारात बसायचं काम करू नका? तिचा दिवस उजाडायच्या आधी फडात सुरू होतो आणि गाडी रात्री भरायला आली तर मोळ्या रात्रीच वाहाव्या लागतात. उघड्यावर शौचाला जाऊ नका? तिथे संडास नाही, आणि बाया दिवसा आडोसा नाही म्हणून मुद्दाम अंधाराची वेळ धरतात. मुलाला एकटं सोडू नका? नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांनी तोडलं तरच उचल फिटते, मग तान्हं मूल बांधावरच्या झोळीत आणि त्याच्याजवळ सहा वर्षांची बहीण. दार लावून झोपा? कोपीला दारच नाही.

तोडीचा शेवट तर सगळ्यात धोक्याचा. फड चारही बाजूंनी तोडत आणला की मध्ये उरलेल्या पट्ट्यात जे काही असेल ते कोंडलं जातं. ऊस एका अंगाने तोडत न्यावा, दुसऱ्या अंगाला उभं पीक किंवा ओढा मोकळा ठेवावा आणि त्या बाजूला मुलं बसवू नयेत, एवढं मुकादमाला कळलं तरी पुष्कळ होईल. पिल्लं सापडली तर हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायचं नाही, तोड थांबवून वनखात्याला बोलवायचं. खातं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतं आणि बहुतेक वेळा आई त्याच रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी फडाभोवती घुटमळत राहते आणि त्या फडाशेजारीच कोप्या असतात. पण एक दिवस तोड थांबली तर त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची, हे आजवर कुणी ठरवलेलं नाही. ती कारखान्याने द्यावी. कारखान्याच्या हिशेबात ती रक्कम कुठे दिसणारही नाही, कोयत्याला मात्र ती दोन दिवसांचं धान्य असते.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घ्यायचे, असं सरकारने ठरवून दिलंय. त्यातून जुन्नर वनविभागातल्या कोप्यांसाठी आधी तीन गोष्टी व्हाव्यात. कोप्या फडाला चिकटून न घालता गावठाणालगतच्या मोकळ्या जागेवर एकत्र घालाव्यात. त्यांना पत्र्याच्या भिंती, आतून कडी लागणारं दार, बाहेर रात्रभर जळणारा दिवा आणि चालता येईल अशा अंतरावर संडास मिळावा. आणि तोडीच्या वेळेत मुलं सांभाळायला टोळीतलीच एक बाई पगारावर नेमावी. गावाकडे मुलं ठेवण्यासाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे, ती चांगलीच आहे, पण अंगावरचं मूल वसतिगृहात ठेवता येत नाही.

शेतकऱ्याचं दुखणं वेगळं असलं तरी मूळ तेच, अंधार. थ्री फेज लाईट रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला उसात शिरतो. बिबट्याच्या भागात दिवसा वीज द्या, ही मागणी वर्षानुवर्षं होते आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम राज्यभर चालू आहे, तर त्यात या चार तालुक्यांचे फीडर सगळ्यात आधी घ्यावेत. माणूस बिबट्याच्या हल्ल्यात मेला तर सरकार कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण ते मेल्यानंतरचे पैसे आहेत. जिवंत असताना त्या घराला दिवसाची आठ तास वीज मिळाली असती, तर ते देण्याची वेळ कदाचित आलीच नसती.

बिबट्यांची नसबंदी, निवारा केंद्रं, सायरन वाजवणारे कॅमेरे, यांवर चर्चा चालू राहील आणि राहावी. त्यांचे परिणाम दिसायला वर्षं लागतील. हंगाम मात्र आज चालू आहे.

तुमच्या शेतात टोळी उतरली असेल तर आज दिवस मावळायच्या आत कोप्यांवर जाऊन या. मुलं किती आहेत ते विचारा. आपल्या मीटरवरून एक वायर ओढून त्यांच्या दारात दिवा लावून द्या, घरातला संडास बायांना रात्रीचा मोकळा ठेवा आणि वनखात्याचा 1926 हा नंबर मुकादमाच्या मोबाइलमध्ये तुमच्या हाताने भरून द्या. महामंडळ आणि कारखाना त्यांचं काम करतील तेव्हा करतील, हे मात्र आज रात्रीच करण्यासारखं आहे.