पणजोबा जेवले का?

आमच्या घरात हल्ली सकाळी सात वाजता पहिला प्रश्न हाच असतो. पणजोबांचं वय सात महिने. वजन काल रविवारी भरलं १४८ ग्रॅम. चेहरा मात्र थेट नव्वदीतला! सुरकुतलेली मान, दात पडल्यासारखं तोंड आणि कुणी हाक मारली की ‘आता काय काढलंत?’ अशी नजर. हे नाव आमच्या नऊ वर्षांच्या नातीनं ठेवलं. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. ते किती नेमकं होतं, हे पुढं कळलं.

पणजोबा म्हणजे सल्काटा जातीचं कासवाचं पिल्लू. मुलाच्या कचेरीतलं एक कुटुंब जूनमध्ये परदेशी गेलं. बाड-बिस्तरा नेता आला, पिल्लू नेता येईना. चिरंजीव ते बुटाच्या खोक्यातून घेऊन आले. ‘आई, काही त्रास नाही याचा. काकडी-टोमॅटो खातं आणि पडून राहतं.’ बंगळुरूत तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारखीलाही ते खरं वाटलं. कासव म्हणजे देवळाच्या सभामंडपातलं, ज्याला हात लावून आपण पुढं जातो ते. त्याला काय लागतं?

शेजारच्या तमिळ आजी मात्र खोकं बघून दारातच थबकल्या. त्यांच्याकडे म्हण आहे म्हणे, कासव शिरलेलं घर आणि अमीना शिरलेलं घर कधी वर येत नाही. अमीना म्हणजे कोर्टाचा बेलिफ. मी हसून सोडून दिलं. सूनबाईंनी दिलं नाही. ‘कासव शुभ की अशुभ ते देव जाणे,’ ती म्हणाली, ‘पण अमीना येणार नाही ना, ते आधी बघा. याचे कागद कुठे आहेत?’

तिचं बरोबर होतं. आपल्याकडचं पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. नशीब फळफळतं म्हणून लोक ते चोरून विकत घेतात आणि परदेशात पाठवणाऱ्या टोळ्याही आहेत. सिंगापूरला असं पोहोचलेल्या एकावन्न तारा कासवांना २०१८ च्या नोव्हेंबरात विमानानं परत बंगळुरूला आणलं गेलं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, या जातीचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत झाला. उलट दिशेची चोरीही आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात इथल्या विमानतळावर कस्टम्सला २३४ प्राणी सापडले. त्यात कांगारूचं एक पिल्लूही होतं, गुदमरून मेलेलं.

सल्काटा आपल्या देशातलं नाही, तेव्हा ते पाळायला सरसकट बंदी नाही. पण ते साइट्सच्या दुसऱ्या यादीत आहे. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून अशा परदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवावं लागतं. कागद येईपर्यंत सूनबाईंनी चिरंजीवांशी अबोला धरला. कागद आले, हस्तांतराचा अर्ज गेला, मग घरात चहा झाला.

इथवर सगळं कागदावर नीट झालं. चुकलं ते आमच्या हातून, तेही प्रेमापोटी.

जुना काचेचा मत्स्यटँक होता. त्यात वर्तमानपत्र अंथरलं आणि टँक खिडकीशी ठेवला, ऊन मिळावं म्हणून. खायला रोज काकडी-टोमॅटो, कधी सफरचंदाची फोड. नातीचा जीव इतका की ती पणजोबांना दिवसातून दहा वेळा हातात घेई. जुलै लागला. बंगळुरूचा जुलै तुम्हांला ठाऊक असेल : सूर्य रजेवर, दिवसभर पिरपिर, रात्री पारा विशीला. आपण शाल ओढून ‘काय मस्त हवा!’ म्हणतो. पणजोबांनी डोळे मिटले ते उघडेनात. खाणं बंद. चौथ्या दिवशी नाकाशी बारीक बुडबुडे दिसले आणि श्वास घेताना तोंड उघडं राहू लागलं. आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. आले तेव्हा ६२ ग्रॅम होते, आता ५७.

पहिल्या पशुवैद्यांनी सरळ सांगितलं, मी कुत्रीमांजरं बघतो. कासवं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई शोधण्यात एक दिवस गेला. (असा प्राणी घरी आणायच्या आधी हा पत्ता हाताशी ठेवा. आम्ही आजार आल्यावर शोधला.) त्यांनी पिल्लू तपासलं, औषध सुरू केलं आणि मग आम्हांला विचारलं, ‘हे कुठलं आहे, माहीत आहे?’ नात म्हणाली, ‘आफ्रिकेचं.’ ‘आफ्रिकेत कुठलं?’

सल्काटा राहतं सहाराच्या दक्षिण कडेला, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतच्या रखरखीत पट्ट्यात. ते थंडीत झोपी जात नाही, कारण त्याला तशी थंडी माहीतच नाही. आपल्यासारखी अंगात ऊब तयार करणं त्याला जमत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. बाहेर ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही आणि रोगाशी लढायचं बळही राहत नाही. आमच्या मस्त हवेनं पणजोबांना न्यूमोनियाच्या दारात नेलं होतं. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग शून्य. हाडं आणि पाठ घट्ट होण्यासाठी उन्हातले जे अतिनील किरण लागतात, ते खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यातून काचेचा टँक भर उन्हात ठेवला तर घटकाभरात भट्टी होते, ते वेगळंच.

मग घराची मांडणी बदलली. टँक गेला, सुताराकडून प्लायची झाकणवाली पेटी आली. एका कोपऱ्यात सिरॅमिकचा उष्णता देणारा दिवा, थर्मोस्टॅटला जोडलेला. त्याखाली पस्तीस-छत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सत्तावीसच्या खाली कधी नाही, रात्रीसुद्धा. छताला अतिनील किरणांची नळी. ती उजेड देत राहिली तरी तिचे किरण हळूहळू मरतात, म्हणून वर्षाच्या आत बदलायची. वीज गेली तर? हा बंगळुरूचा सनातन प्रश्न. रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळायची आणि पेटीशेजारी टेकवायची. माझ्या गुडघ्यांची पिशवी आता पणजोबांच्या नावे झाली आहे.

पुढची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. वाळवंटाकाठचा प्राणी, तेव्हा त्याला कोरडं ठेवायचं, अशीच आजवरची समजूत. तशा कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर एकेक खवला पिरॅमिडसारखा वर येतो आणि तो पुन्हा बसत नाही. दोष खाण्यातल्या प्रथिनांना दिला जाई. २००३ साली व्हिएन्नातल्या दोघा संशोधकांनी सल्काटाची पिल्लं पहिले पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या आहारावर वाढवून पाहिली. पाठीवरचे उंचवटे प्रामुख्यानं कोरड्या हवेनं येतात, प्रथिनांचा हात त्यात थोडकाच, असं त्यांना दिसलं. पटण्यासारखंच आहे. ही कासवं रानात लांब बिळं खणतात, दुपार तिथं काढतात आणि बिळातली हवा दमट असते. म्हणजे पिल्लाला हवी ती ऊबदार ओल. आमच्या जुलैत ओल होती, ऊब नव्हती. गार आणि ओलं हा सर्वांत वाईट जोड.

म्हणून पेटीत आता नारळाच्या काथ्याचा भुसा आहे, तळाशी ओलसर, वर हाताला कोरडा. इथल्या कुठल्याही रोपवाटिकेत कोकोपीट म्हणून मिळतो. आणि रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात अंघोळ. पाणी हनुवटीच्या खाली हवं, हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. अंघोळीतच ते पाणी पितात आणि शी-शूही उरकतात. अंघोळीचं भांडं वेगळं. ते स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायचं नाही आणि पणजोबांना हात लावला की साबणानं हात धुवायचे. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर हाताळायलाच देऊ नये. आमची नात नऊची, तीसुद्धा आता दिवसातून एकदाच उचलते.

खाण्याचा प्रश्न कसा सुटला ते ऐका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकडी-टोमॅटो-फळं बंद, याचं मुख्य अन्न गवत. परदेशात लोक बर्म्युडा ग्रास देतात. आता हे बर्म्युडा कुठून आणायचं? ह्यांनी पुस्तकात शास्त्रीय नाव शोधलं आणि मोठ्यानं हसले. बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हराळी, गणपतीच्या दुर्वा! इथले लोक तिला गरिके म्हणतात आणि मल्लेश्वरमच्या बाजारात फुलवाल्यांकडे ती रोज जुड्यांनी असते. गणपतीच्या एकवीस झाल्या की उरलेल्या पणजोबांच्या. विकतच्या दुर्वा कुठं उगवल्या, त्यांवर काय फवारलं, हे माहीत नसतं म्हणून पूर्वी धुऊन घेत असू. आता गच्चीवर चार कुंड्यांत हराळीच लावली आहे. जोडीला जास्वंदीची पानं-फुलं आणि तुतीचा पाला. रामनगर ही रेशमाची मोठी बाजारपेठ इथून जवळ, त्या भागात तुती भरपूर. रेशीमकिडे मरू नयेत म्हणून शेतकरी पाल्यावर औषध जपूनच वापरतात, तो फायदा आम्हांला मिळतो. पालक रोज द्यायचा नाही, तो शरीरातलं कॅल्शियम अडवतो. पोळी, भात, दूध तर अजिबात नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस. आजी लहान मुलांच्या कानासाठी ठेवायची तोच. तो खरवडून चिमूटभर पाल्यावर भुरभुरवायचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पणजोबांनी जास्वंदीचं फूल खाल्लं. अर्धंच. पण नातीनं शाळेत पेढे वाटण्याचा हट्ट धरला होता, तो आम्ही मोडला नाही.

आता पूर्वीचे बँकवाले आमचे हे दर रविवारी वजन घेऊन वहीत लिहितात. उन्हाच्या दिवसांत अर्धा तास गच्चीवर नेतो, पण कुणीतरी शेजारी बसून. बंगळुरूच्या आभाळात घारी फार, आणि कावळ्यालाही एवढा घास पुरतो. सोबत म्हणून दुसरं पिल्लू आणा, असं दोघांनी सुचवलं. आणणार नाही. ही एकटी राहणारी जात आहे, दोन ठेवली की एक दुसऱ्याला दडपतं. पुढं दोन नर निघाले तर मारामाऱ्या होतात. तो नर की मादी हे कळायला अजून कित्येक वर्षं आहेत.

वर्षांवरून आठवलं. जगातल्या कासवांत गालापागोस आणि अल्दाब्राच्या खालोखाल सल्काटाचाच नंबर. पुरं वाढलेलं चाळीस-पन्नास किलो सहज भरतं, नर त्याहून किती तरी मोठेही होतात. भिंतीच्या कडेनं खणत जातात, कुंपण रेटतात. आयुष्य सत्तर वर्षांचं किंवा त्याहून जास्त. खोक्यातून आणताना हे चिरंजीवांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. जगभर माणसं असंच करतात आणि जड झालं की कुठंतरी सोडून देतात. ‘हलसूरच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल,’ असा सल्ला आम्हांलाही मिळाला. तळ्यात ते बुडून मरेल. रानात सोडलं तर तिथं नसलेला रोग तिथल्या कासवांना लागू शकतो. सोडायचं म्हणजे मारायचंच, फक्त आपल्या डोळ्यांआड.

ह्यांचं वय सहासष्ट, माझं एकसष्ट. आणखी सहा-सात वर्षांत पणजोबा फ्लॅटमध्ये मावणार नाहीत. बेळगावच्या दिरांच्या घरामागं मोठं परडं आहे. गणपतीत सगळे जमलो तेव्हा ह्यांनी विषय काढला. जाऊबाई म्हणाल्या, ‘येऊ देत की, चार पेंढ्या गवत खाईल.’ दिरांनी मात्र विचारलं, बेळगावच्या पावसाचं काय? रास्त प्रश्न. तिथं कोरडी, गरम खोली बांधावी लागेल, कुंपणाची भिंत जमिनीत खोलवर न्यावी लागेल आणि पत्ता बदलला की नोंदीतही बदलावा लागेल. दोघं भाऊ कागदावर खोलीचा नकाशा काढत बसले. खर्च आम्ही द्यायचा ठरलं.

आणि त्यानंतर? ह्यांनी मृत्युपत्राच्या मसुद्यात एक कलम घातलंय. नातीनं ते वाचलं. ‘म्हणजे मी म्हातारी होईन तेव्हाही पणजोबा असतील?’ असतील, म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं वही घेऊन रविवारच्या वजनाखाली आपल्या अक्षरात लिहिलं : मी कॉलेजला गावाबाहेर गेले तर सुट्टीत येईन. आणि उठून दुर्वा आणायला गच्चीवर गेली.