डाव अर्ध्यावर, नियम नवा

उन्हाळ्यात आयपीएलचे दिवस आले, की आमच्या नेरमध्येही काही घरांतून खेळाडूंचे 'लिलाव' भरतात. मामा, काका, आत्या आणि भाचरे वही घेऊन बसतात. प्रत्येकास शंभर गुणांची काल्पनिक थैली मिळते व बोली सुरू होते. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणाऱ्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यामुळे वहीवरचा हा बिनपैशाचा खेळ स्वागतार्हच आहे. वाद मात्र तेथेही होतात, आणि त्यांचा आरोग्याशी संबंध आहे.

समजा, निम्मे खेळाडू वाटले गेल्यावर काकांनी सुचविले, की कर्णधाराचे गुण दुप्पट धरू नयेत. सूचना वाजवी असेलही. परंतु जुन्या नियमावर विसंबून जिने अर्धी थैली एकाच फलंदाजावर रिती केली, त्या भाचीचे काय? मतदान घेऊनही हा अन्याय मिटत नाही, कारण कोणता नियम आपल्या पथ्यावर पडेल, हे एव्हाना प्रत्येकास कळलेले असते.

मोठ्या मैदानावरही हेच घडले. मे २०२५ मध्ये आयपीएलच्या उरलेल्या साखळी सामन्यांसाठी पावसामुळे राखून ठेवायचा जादा वेळ ६० मिनिटांवरून १२० मिनिटांवर नेण्यात आला. १७ मे रोजीचा बेंगळुरूविरुद्धचा सामना पावसात वाहून गेल्याने कोलकात्याच्या आशा आधीच संपल्या होत्या. बदल हिताचा असला, तरी हंगामाच्या मध्येच तो का, हा त्या संघाचा आक्षेप समजण्यासारखा होता.

फसविले गेल्याची भावना मनातच राहत नाही. अॅड्रिनलिन वाढते, हृदयाचे ठोके व रक्तदाब चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब थोड्या वेळात उतरतो. हृदयविकार असलेल्या आजोबांना मात्र तेवढ्यानेही छातीत दुखू शकते. असे दुखल्यास वाद तेथेच थांबवून तातडीने दवाखाना गाठावा. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेतल्यावर वादापायी जेवण लांबले, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते. रुसून झोपलेल्या मुलास शांत झोप लागत नाही, ती वेगळीच.

म्हणून पथ्य सांगतो. बोलीपूर्वी नियम लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मध्येच सुचलेली सुधारणा वहीच्या शेवटच्या पानावर नोंदवून पुढील वर्षी लागू करावी. नियमाचा अर्थच संदिग्ध असेल, तर न खेळणाऱ्या आजीचा शब्द अखेरचा मानावा. जेवणाची वेळ मोडू नये आणि पैशाची पैज लावू नये.

खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, ही लक्षणे वर्षभर दिसल्यास तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. अशा वेळी टेलि-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला मिळतो.

मुले नियम पाळण्यास आपल्याकडूनच शिकतात. वडीलधाऱ्यांनी गैरसोयीचा नियमही डाव संपेपर्यंत पाळला, तर दिलेल्या शब्दाची किंमत मुलांना निराळी सांगावी लागत नाही.