आतड्याला चाबूक नको, लगामही नको

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या जाणत्या घोडेवाल्याला विचारा. चांगल्या चालीच्या जनावराला उगाच चाबूक मारू नये आणि चालताना त्याचा लगाम सारखा ओढू नये, असेच तो सांगेल. आपल्या पोटातले आतडेही असेच आपल्या चालीने चालणारे आहे. त्याच्याशी मात्र आपण नेमके उलटे वागतो.

आतडे म्हणजे नुसती नळी नव्हे. त्याच्या भिंतीतील स्नायू एकामागून एक आकुंचन पावतात आणि अन्न पुढे ढकलतात. या लाटेला क्रमसंकोच म्हणतात. बाहेरून आतड्याकडे येणाऱ्या चेता तोडल्या तरी ही लाट चालूच राहते, असे बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. कारण आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर "वारा सरला का?" असे विचारतात, ते उगाच नव्हे. थबकलेले आतडे पुन्हा चालू लागल्याची ती खूण असते.

मग मनाचा याच्याशी काहीच संबंध नाही का? आहे. क्षकिरणांचा शोध लागून जेमतेम एक वर्ष झाले होते. १८९६ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड येथे वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने या किरणांनी प्राण्यांचे पचन पाहण्यास सुरुवात केली. पुढे त्याने मांजरांना बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल न्याहाळली. मांजर चिडले की हालचाल थांबे, शांत झाले की पुन्हा सुरू होई. परीक्षेच्या दिवशी आपले पोट का बिघडते, याचे उत्तर शोधण्याची वाट अशी एका विद्यार्थ्याने दाखवली.

आता आपले वागणे पाहा. आधी चाबूक. 'कोठा साफ' करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. सुट्टी लागली की मुलांना एरंडेल, पोट जरा जड वाटले की चूर्ण. वास्तविक एखादा दिवस शौचास झाले नाही म्हणजे रोग झाला असे नव्हे. उलट वारंवार जुलाब घेतल्याने शरीरातील पाणी आणि क्षार वाया जातात. त्याहून मोठा धोका पोटदुखीत आहे. बेंबीजवळ सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली, सोबत उलटी किंवा ताप असला, तर ती आंत्रपुच्छाची सूज असू शकते. अशा वेळी जुलाब दिल्यास सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याची भीती असते. पोट दुखत असताना एरंडेल नव्हे, दवाखाना गाठायचा असतो.

आता लगाम. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून सकाळी खाल्ल्यावर वेग येतो. पण तेव्हाच शाळेची घाई असते. वेग दाबला की मळातील पाणी आतडे शोषत राहते, मळ कठीण होतो आणि सवयीने वेगाची जाणीवही मंदावते. शाळेत जाण्याजोगे स्वच्छतागृह नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही केवढी शिक्षा! मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा निकष आहे. तो केवळ कागदावर भागून चालणार नाही. नळाला पाणी हवे, दाराला कडी हवी.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढताना मोठ्या आतड्यापाशी घाईने पुढे जाऊ नका. मुलांनी फिदीफिदी हसले तर हसू द्या, पण शिकवा. आणि तासाला कोणी बाहेर जायची परवानगी मागितली, तर कारण न विचारता द्या. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही ज्वारीची भाकरी, भाज्या, डाळी आणि भरपूर पाणी यांची साथ सोडू नका, सकाळी दहा मिनिटे लवकर उठा आणि पोटाचे दुखणे सांगायला लाजू नका.

कॅनन लाजला असता, तर त्याला काहीच दिसले नसते.