की-बोर्डाची फाळणी

शेजारच्या क्यूबिकलमध्ये जरा डोकवा. खांदे पुढे आलेले, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मनगटं बाहेर मुरडलेली. रोज आठ-दहा तास! खांदे एवढे रुंद आणि दोन्ही हात वीतभर जागेत कोंबायचे, मग दुसरं काय होणार? यावरचा झकास फंडा म्हणजे की-बोर्डाचे सरळ दोन तुकडे करा. एक डाव्या खांद्यासमोर, एक उजव्या. मध्ये कॉफीचा मग.

‘अर्गोडॉक्स’ हा त्यातला गाजलेला गडी. डिझाइन सगळ्यांना खुलं, सुटे पार्ट आणून घरीच जोडायचं. बटणं ७६, एका हाताला ३८. मग ३८ वायरी ओढायच्या? छे! ६ आडव्या आणि ७ उभ्या रांगांची जाळी करायची, १३ पिनांत काम फत्ते. उजव्या भागात ‘टीन्सी २.०’ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मेंदू. डाव्या भागाला मेंदूच नाही! तिथे ‘एमसीपी२३०१८’ ही एक्स्पांडर चिप बसते. आपल्या १६ पिनांतून डाव्या बटणांची खबर ठेवायची आणि टीन्सीने विचारलं की सांगायची, एवढीच तिची नोकरी. हे बोलणं दोन तारांवर चालतं. त्या दोन, शिवाय विजेच्या दोन, अशा चारही तारा हेडफोनसारख्या ३.५ मिमीच्या जॅकमधून जातात. फक्त यूएसबी लावलेलं असताना ही वायर उपटायची नाही हं. जॅकची कडी निघता निघता भलत्याच टोकाला टेकली तर शॉर्ट!

खरी मजा (की सजा?) डायोडांची. प्रत्येक बटणाला एक, म्हणजे ७६. जाळीतल्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर वीज आडवाटेने फिरते आणि चौथंही दाबल्यासारखं भासतं. भूतच म्हणा ना! डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून त्याच्यावरचा काळा पट्टा ठरल्या बाजूलाच हवा. त्यात दोन्ही हातांना बोर्ड एकच, नुसता उलटा करून वापरायचा. म्हणजे गोंधळाची पुरेपूर सोय. साधे ‘वन-एन-४१४८’ डायोड लॅमिंग्टन रोडवर चिल्लरीत मिळतात, चार जास्तच घ्या.

इन्स्क्रिप्टमध्ये मराठी टायपणाऱ्यांची तर चैन. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. जणू ही फाळणी आधीच झालेली! की-बोर्डाला मराठी शिकवावी लागत नाही. तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो, त्याचा ‘क’ करायचा की ‘के’, ते कॉम्प्युटर ठरवतो.

मनगट आत्ताच दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग सोल्डरिंग. आणि अप्रेझलच्या महिन्यात हा उद्योग नको, बॉस! इथे बटणांच्या रांगा तिरक्या नाहीत, सरळ उभ्या. पहिले काही दिवस साधं ‘रिगार्ड्स’ लिहितानाही घाम फुटतो.