वसंत आला, आता हसा!

मार्च उजाडला की हापिसातल्या एचआरला उत्साहाची उचकी लागते. पिवळे टीशर्ट घाला, डेस्क सजवा, आणि वर मेल: 'वसंत ऋतूत मन प्रसन्न राहते.' राहतं? कुणाचं? आणि मुळात कुठल्या गावात?

मंडळी, ही थिअरी आयात केलेली आहे. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा, जूनमधला साडेसोळा तासांचा. दर हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या नैराश्याचं रीतसर वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत केलं. उपाय काय, तर सकाळी प्रखर दिव्यासमोर बसणं. तिकडच्या माणसाला वसंत म्हणजे खरोखरची सुटका, हे मान्य. पण पुण्यात? सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा, मोठा सव्वातेरा. सव्वादोन तासांचा फरक! एवढ्यात आमचा एक स्टेटस कॉल धड संपत नाही. हिवाळा तर आपला सगळ्यात सुखाचा ऋतू. तो संपून पारा छत्तीस-सदतीसला टेकला, रात्री पंख्याखाली झोप उडाली, त्यात इयर एंड आणि अप्रेझल.. आता हसा म्हणे.

बरं, तिकडेही गोष्ट इतकी गुलाबी नाही. आत्महत्या अंधाऱ्या हिवाळ्यात वाढत असतील असं आपल्याला वाटतं. पण युरोपातल्या अनेक देशांत त्या वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त झाल्याचं एकोणिसाव्या शतकापासून नोंदलं गेलंय. दुर्खीमने १८९७ सालच्या पुस्तकात यावर पानंच्या पानं खर्ची घातली. कारणांवर अजून वाद चालू आहेत. बायपोलर असणाऱ्या काहींचा उन्मादही याच दिवसांत उसळतो. म्हणजे नेमकं ज्या काळात एखाद्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं, त्याच काळात आपण त्याला सांगतो की बाकी सगळे खूश आहेत, तुझंच काहीतरी बिघडलंय. तो बिचारा टीशर्ट घालून फोटो काढतो. दिसतं कुणाला?

आणि यातला खरा विनोद म्हणजे उजेड. उघड्यावरच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे. काचा काळ्या, पडदे खाली, स्क्रीनवर ग्लेअर नको म्हणून! बाहेर टेकडीवर पांगारा लाल झालाय, काटेसावर फुलून जमिनीवर सडा पडलाय, पिंपळाला तांबूस पालवी फुटलीय. आत आम्ही वसंताचा वॉलपेपर लावतोय.

मला ते टीशर्ट नकोत. सकाळी साडेआठचा स्टँडअप दहावर न्या, म्हणजे लोक तासभर उजेडात चालून येतील. संध्याकाळचा क्लायंट कॉल आठवड्यातून दोन दिवस तरी रद्द करा. आणि मेल पाठवायचीच हौस असेल तर त्यात सरकारी टेली मानसचा १४४१६ हा नंबर टाका. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो. आमच्या नोटिस बोर्डावर तो अजून लागलेला नाही. पॉटलकच्या मेनूला मात्र दोन पानं मिळालीत.