भाड्यासाठी फ्लॅट घेताय? आधी वहीत हिशेब मांडा

निवृत्तीचे पैसे आले किंवा गावाकडची जमीन विकली, की घरात एक विषय निघतोच. एक फ्लॅट घेऊन ठेवू, भाडं येत राहील. विचार वाईट नाही. पण घाईने टोकन देऊ नका.

पहिलं काम वही-पेन घेऊन बसण्याचं. समजा, पुण्यात महापालिकेच्या हद्दीत तुम्ही ६० लाखांचा फ्लॅट पाहिलात. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. फ्लॅट पडला साडेचौसष्ट लाखांना. घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. तेवढे ६० हजार वाचतील.

आता भाडं १७ हजार धरा. वर्षाचे झाले २ लाख ४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजारांप्रमाणे ३६ हजार गेला. मालमत्ता कर १२ हजार धरा, किरकोळ दुरुस्ती १० हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहतं, ते १७ हजार. हातात उरले १ लाख २९ हजार.

म्हणजे गुंतवलेल्या पैशावर जेमतेम २ टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. पुढे फ्लॅटची किंमत वाढेलही. पण ती विकल्याशिवाय हाती येत नाही. घरखर्च भाड्यावरच चालवायचा असेल, तर हा आकडा नीट पाहून घ्या.

कर्ज काढणार असाल तर आणखी जपा. ४५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज. हप्ता साधारण ३९ हजार. भाड्यातून मेंटेनन्स वजा जाता १४ हजार उरतात. म्हणजे दर महिन्याला २५ हजार तुमच्या पगारातून जाणार. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असं कोणी म्हणालं, तर त्याला हाच हिशेब दाखवा. निदान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय कर्जाला हात घालू नका.

हिशेब जमला, तर जागा शोधायला निघा. तुम्हाला आवडलेलं घर नव्हे, भाडेकरूला सोयीचं घर बघा. स्टेशन, कॉलेज, कारखाने, मोठं इस्पितळ जवळ असलं, की घर रिकामं राहत नाही. अशा ठिकाणचा जुना वन बीएचके किमतीच्या मानाने अनेकदा बरं भाडं देतो.

विकणाऱ्याने सांगितलेलं भाडं धरून चालू नका. त्याच भागातल्या दोन-तीन एजंटांकडे भाडेकरू म्हणून चौकशी करा. वॉचमनला विचारा, किती घरांना कुलूप आहे. पाणी रोज येतं की टँकर लागतो, तेही विचारा.

पहिल्यांदाच घेत असाल तर तयार घर घ्या. बांधकाम रखडलं तर भाडं नाही आणि व्याज मात्र सुरू. बांधकाम चालू असलेलंच घ्यायचं असेल, तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

कागदपत्रं वकिलाला दाखवा. इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. वकिलाची फी वाचवू नका.

सोसायटीचे नियमही आधीच विचारा. घर भाड्याने दिलं, की बिनभोगवटा शुल्क लागतं. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. जास्त मागितलं तर नम्रपणे, पण लेखी विचारा.

भाडेकरू ठरला, की करार नोंदवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं बरेच जण समजतात. महाराष्ट्रात तसं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. न नोंदवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. कराराची प्रत सोसायटीत द्या. किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि वीजमीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत देताना भांडण होणार नाही. डिपॉझिटची रक्कम खर्च करू नका, ती तुमची नाही.

भाडं बँकेतूनच घ्या आणि विवरणपत्रात दाखवा. लपवायची गरजही नाही. भरलेला मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते. तिच्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत.

शेवटचं. नळ गळतोय म्हणून फोन आला, तर त्याच आठवड्यात प्लंबर पाठवा. वेळेवर भाडं देणारं कुटुंब हजार रुपयांच्या वाढीसाठी घालवू नका. एक महिना घर रिकामं राहिलं, तर वर्षभराच्या वाढीहून जास्त पैसे जातात.

तेव्हा या रविवारी घरच्यांना घेऊन बसा. वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडा. घर एकट्याने ठरवू नका, आणि हिशेब पुरा झाल्याशिवाय कोणाच्याही हातात टोकन ठेवू नका.