सणाचा स्वयंपाक कोणी करावा?

नोव्हेंबर महिन्यातील चौथ्या गुरुवारी अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. त्यास आपण कृतज्ञतेचा सण म्हणू. त्या दिवशी दूरदूरची मुलेबाळे घरी येतात आणि टर्की नावाचा मोठा पक्षी भट्टीत अखंड भाजून त्याचे जेवण होते. सोबत उकडून घोटलेले बटाटे, रताळी, क्रॅनबेरी नावाच्या आंबट फळांची चटणी आणि शेवटी लाल भोपळ्याचे गोड पक्वान्न असते. या सणाच्या जेवणासंबंधी आम्हांस जी गोष्ट विशेष वाटली ती मात्र पक्वान्नांची नव्हे. १९८१ साली तेथील बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीने, स्वयंपाकात अडलेल्या लोकांना दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी सहा गृहशास्त्रज्ञ स्त्रिया बसविल्या. त्या पहिल्याच हंगामात सुमारे ११,००० लोकांनी त्यांना प्रश्न विचारले. १९८५ पासून तेथील सरकारच्या कृषिखात्यानेही मांस व कोंबड्यांविषयी अशीच सोय केली आहे.

हे ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. स्वयंपाक कसा करावा हे परक्या बाईला दूरध्वनीवरून विचारावयाचे! घरात आई नाही, सासू नाही, शेजारीण नाही? वरवर पाहता हा आक्षेप योग्य वाटतो. परंतु प्रश्न कोणते असतात ते पाहावे. बर्फात गोठविलेली सहासात किलोंची टर्की शीतकपाटात वितळावयास दर दोन किलोंस सुमारे एक दिवस लागतो. म्हणजे गुरुवारच्या जेवणाची टर्की सोमवारपूर्वीच बाहेर काढावी लागते. ज्यास हे बुधवारी रात्री कळते त्याने काय करावे? (थंड पाण्यात बुडवून ठेवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि दर अर्ध्या किलोस सुमारे अर्धा तास धरावा, असे उत्तर आहे.) पक्षी शिजला हे कसे ओळखावे? रंगावरून नव्हे, मांसाच्या जाड भागात तापमापक खुपसून ७४ अंश सेल्सिअस उष्णता भरली की शिजला. कच्चे मांस धुवावे काय? धुऊ नये, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर रोगजंतू सर्वत्र पसरतात. वर्षातून एकदाच करावयाच्या पदार्थाविषयीचे हे प्रश्न आहेत. ते विचारणाऱ्यास आम्ही अडाणी म्हणणार नाही. न विचारता वीस माणसांना अर्धकच्चे मांस वाढणारा अडाणी खरा.

शिवाय या सणाचा आरंभच मुळी मदतीतून झाला आहे. १६२० साली प्लिमथ येथे उतरलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पहिल्याच हिवाळ्यात मृत्युमुखी पडले. पुढील वसंतात टिस्क्वांटम नावाच्या तद्देशीय मनुष्याने त्यांना मका पेरण्याची रीत शिकविली. १६२१ च्या शरद ऋतूत पीक हाती आले तेव्हा तीन दिवस मेजवानी झाली. सुमारे ५० इंग्रज आणि वांपानोआग जमातीचे सुमारे ९० लोक जमले होते. पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली. पुढे याच जमातींची भूमी गेली आणि फार मोठा संहार झाला. म्हणूनच १९७० पासून कित्येक तद्देशीय लोक हा दिवस प्लिमथ येथे शोकदिन म्हणून पाळतात, हेही आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आमचे लक्ष मात्र आणखी एका आकड्याकडे गेले. त्या शरद ऋतूपर्यंत वसाहतीत प्रौढ स्त्रिया केवळ चार उरल्या होत्या. तीन दिवस, एवढी माणसे, आणि चुलीपाशी चार बायका व हाताशी काही मुली! इतिहासाच्या पुस्तकांत मेजवानीची चित्रे पुष्कळ असतात. या चौघी त्या चित्रांत बहुधा ताट घेऊन उभ्या असतात.

आता आपल्याकडे वळू. आमच्या गोव्यात चवथीच्या दिवशी काय दिसते? पुरुष माटोळी बांधतात, पूजा करतात, आरत्या म्हणतात, फटाके लावतात. आणि मग पंगतीस बसतात. खतखते, पातोळ्या, नेवऱ्या, भाज्या, वरण, पायस हे सारे पहाटेपासून रांधणारी आई तिसऱ्या प्रहरी जेवते, तेही उरलेले. गंमत अशी की खतखत्यात पडणारा मका, रताळे, लाल भोपळा ही मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे आपल्याकडे रुजली. फार काय, १६१२ साली जहांगीर बादशहाकडे जी टर्की गेली ती गोव्याच्याच बंदरातून, आणि तिचे चित्र मन्सूर या त्याच्या चित्रकाराने काढले. पदार्थांनी समुद्र ओलांडले. आमच्या मुलग्यांना मात्र ओसरीवरून रांधपाच्या खोलीत जाणे अद्याप जमत नाही.

‘सोवळ्याचे काय?’ असे कोणी विचारील. स्नान करून मुलगा नारळ खवावयास बसला तर नैवेद्य विटाळेल असे आम्हांस वाटत नाही. लग्नमुंजींत शेकडो पानांचा स्वयंपाक करणारे आचारी पुरुषच असतात. तेथे जे चालते ते घरी का चालू नये? दुसरे म्हणणे असे, की आईलाच कोणी मध्ये आलेले खपत नाही. हे काही अंशी खरे आहे. ज्यास तिरफळे केव्हा घालावीत ते ठाऊक नाही अशा मदतनिसाचा तिला त्रासच होणार. परंतु ते त्यास ठाऊक नाही, कारण कधी शिकविले नाही. आणि शिकविले नाही, कारण तो मुलगा आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत आहे. या सणास त्याच्या प्राध्यापकांनी त्यास घरी जेवावयास बोलाविले. त्याने लिहिले, ‘सर, दारातच माझा कोट घेतला आणि हाती सुरी देऊन पाच किलो बटाटे सोलावयास बसविले. शेजारी खुद्द प्राध्यापक कांदे चिरीत होते. घरी मी पाण्याचा पेलाही उचलून ठेवीत नसे. त्या रात्री आईला दूरध्वनी केला, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, हात कापला नाहीस ना?’

तेथील सर्व घरी असेच असते असे मात्र कोणी समजू नये. बटरबॉल कंपनीस सल्ला देण्यासाठी पुरुष नेमावयास २०१३ साल उजाडले. आणि दूरध्वनीवरील सल्ला कितीही उत्तम असला तरी त्यास हात नसतात; तो बटाटे सोलीत नाही, भांडी घाशीत नाही. आपल्या घरी हात पुष्कळ आहेत, पण ते आरतीच्या टाळांपुरतेच मोकळे असतात.

म्हणून आमची शाळेच्या चालकांस एक सूचना आहे. स्नेहसंमेलनाच्या जेवणाचे काम दरवर्षी शिक्षिकांवर आणि दहावीच्या मुलींवर पडते. येत्या वर्षी ते नववीच्या मुलांकडे द्यावे. तांदूळ किती, डाळ किती, नारळ किती, हा हिशेब त्यांनीच गणिताच्या तासाला करावा; फोडणी शिकविण्यास त्यांच्या आयांना सन्मानाने बोलवावे, आणि त्यांना पहिल्या पंगतीस बसवावे. शाळेत खवणी एकच आहे, तेव्हा मुलांनी आदोळ्या घरून आणाव्यात, आणि त्यांवर कसे बसावयाचे ते आधी घरीच विचारून यावे.